चाळिशी लागली, चष्मा लागला आणि लांबचा पॉट गेला. स्नूकरवाल्या मार्क विल्यम्सला पन्नाशीत कसं जमतं?

काळा_बॉल (नाशिक)

मंडळी, आधीच सांगतो, मी प्रो वगैरे काही नाही, गेली बावीस वर्षं आठवड्यातून तीनदा क्लबात जाऊन स्नूकर हरलो की टेबलाचं भाडं भरणारा माणूस. वय ४६. दोन वर्षांपूर्वी वाचायचा चष्मा लागला, मग दुकानदाराने प्रोग्रेसिव्ह गळ्यात मारला, आणि तेव्हापासून लांबचा पॉट (लांबून बॉल खिशात घालणं) म्हणजे लॉटरी. शॉटला खाली वाकलो की हनुवटी क्यूवर, डोळे वर, आणि चष्म्याची वरची कड बरोबर ऑब्जेक्ट बॉलच्या (ज्याला मारायचं त्याच्या) टाळक्यावरून जाते. चष्मा काढला तर बॉल दिसतो पण त्याला कडच नाही, कापसाचा बोळा ठेवल्यासारखा. आता कड दिसल्याशिवाय कट कुठून मारू सांगा. आमच्या क्लबातले स्कोअर मांडणारे मार्कर अण्णा (वय सत्तरच्या पुढे, अजून स्वतः टेबल ब्रश करतात) म्हणाले साहेब आता कॅरम खेळा.

तर मुद्दा असा की मी २०२५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल बघितली, मार्क विल्यम्स, वय ५०, समोर झाओ शिनतोंग, विल्यम्स १८-१२ फ्रेमने (फ्रेम म्हणजे एक डाव) हरला ती गोष्ट वेगळी, पण पन्नासाव्या वर्षी वर्ल्ड फायनल! आणि कॉमेंट्रीवाले सारखे सांगत होते की त्याला नीट दिसत नाही. मग मी मागचं वाचत गेलो तर हा माणूस वर्ल्ड नंबर वन होता, मग टॉप १६ च्या बाहेर गेला, परत नंबर वन, परत खाली, २०१७ ला खेळ सोडणार होता आणि २०१८ ला वर्ल्ड चॅम्पियन. हे काय प्रकरण आहे? क्रिकेटमध्ये फॉर्म जातो येतो ते कळतं, पण इथे ना बोलर ना पिच, बॉल जागचा हलत नाही, मग एवढा माणूस खाली जातो म्हणजे नक्की काय जातं त्याचं? हात जातो, डोळा जातो की डोकं? आणि परत कसं येतं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा, माझा स्वार्थ आहे यात हे कबूल करतो.


पोस्टमन_इन_यॉर्कशायर

काका, मी शेफील्डला नऊ वर्षं आहे. क्रुसिबल, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिप होते तो हॉल, माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटं, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये आमचं लंच जरा लांबतं. सविस्तर लिहा म्हणालात म्हणून लिहितोय, नंतर तक्रार नको.

विल्यम्स वेल्सच्या खाणपट्ट्यातला, एबू व्हेलजवळच्या क्वम गावचा. वडील कोळशाच्या खाणीत. लहानपणी हा बॉक्सिंगही करायचा. १९९२ ला प्रो झाला, त्याच वर्षी रॉनी ओ'सुलिव्हन आणि जॉन हिगिन्सही प्रो झाले, तिघंही १९७५ ची पोरं. म्हणजे बघा, तुमच्या वर्गात तुमच्याशिवाय दोन बोर्डात येणारे, आणि तीस वर्षं तोच वर्ग सुटत नाही. बाकी कुठल्याही पिढीत जन्मला असता तर याची टायटलं दुप्पट झाली असती असं माझं मत.

१९९८ च्या मास्टर्स फायनलला तेव्हाच्या दादा खेळाडूविरुद्ध, स्टीफन हेंड्रीविरुद्ध, ६-९ मागे होता, तिथून ९-९, आणि शेवटची फ्रेमसुद्धा बरोबरीत सुटून ब्लॅक परत जागेवर ठेवावा लागला. एका बॉलवर मॅच. तो यानेच घातला. पुढच्या वर्षी वर्ल्ड फायनलला हेंड्रीने १८-११ ने वचपा काढला. २००० ला सेमीत हिगिन्सविरुद्ध ११-१५ वरून १७-१५, फायनलला मॅथ्यू स्टीव्हन्सविरुद्ध ७-१३ वरून १८-१६. पहिला डावखुरा वर्ल्ड चॅम्पियन. २००२-०३ चा सीझन म्हणजे कळस, यूके, मास्टर्स आणि वर्ल्ड तिन्ही एकाच सीझनला. त्या फायनललाही केन डोहर्टीविरुद्ध बराच पुढे होता आणि डोहर्टीने १६-१६ करून घाम काढला, मग १८-१६.

आणि मग उतरण. एका दिवसात काही झालं नाही हो. २००५ ला क्रुसिबलमध्ये १४७ (एका खेपेत शक्य तेवढे सगळे गुण) मारला, २००६ ला चायना ओपन जिंकला, म्हणजे हात शाबूत होता. पण पहिल्या दुसऱ्या फेरीत हरायला लागला, जी मॅच आधी ९-८ ने जिंकायचा तीच ८-९ ने जायला लागली. २००८ ला क्रुसिबलच्या दुसऱ्या फेरीत रॉनीकडून १३-७, आणि शेवटच्या फ्रेमला रॉनीने वर १४७ मारला. विचार करा, तुम्ही टॉप १६ मधून बाहेर फेकले जाताय आणि खुर्चीत बसून समोरच्याचा १४७ बघताय, प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवतायत, तुम्हालाही उठून हात मिळवायचाय. माझ्या मते पडणं म्हणजे ते. स्नूकरमध्ये तुमची वाट लागत असताना तुम्हाला काहीही करायचं नसतं, नुसतं बसायचं असतं. पाणी प्या, टॉवेलने क्यू पुसा, परत पाणी प्या.

तिथून परत वर आला, २०१० ला पुन्हा चायना ओपन, २०११ ला जर्मन मास्टर्स, त्याच वर्षी परत वर्ल्ड नंबर वन. आणि लगेच दुसरी उतरण, ती पहिलीपेक्षा लांब. २०११ नंतर थेट नोव्हेंबर २०१७ पर्यंत एकही मोठं रँकिंग टायटल नाही. साडेसहा वर्षांहून जास्त. २०१४ ला क्रुसिबलसाठी क्वालिफाय झाला नाही, २०१७ ला परत नाही, स्टुअर्ट कॅरिंग्टनकडून १०-७.

तेव्हा त्याने खरंच सोडायचं ठरवलं होतं. बायको, जोअॅन, तिने ऐकलं नाही. ती वर्ल्ड चॅम्पियनशिप त्याने कॅराव्हॅनमध्ये बसून टीव्हीवर बघितली हे तो स्वतः सांगतो. आणि बरोबर एक वर्षाने त्याच हॉलमध्ये, वय ४३, फायनलला हिगिन्स. १४-७ पुढे, हिगिन्सने १५-१५ केलं, १७-१५ ला पिंक घातला की संपलं अशी वेळ, आणि पिंक हुकला. हिगिन्सने फ्रेम नेली, १७-१६. मी तेव्हा बाहेर चौकात मोठ्या स्क्रीनवर बघत होतो, शेजारचा म्हातारा म्हणाला झालं, संपला हा. पुढच्याच फ्रेमला ६९ चा ब्रेक (एका खेपेत सलग गुण) आणि १८-१६. पंधरा वर्षांनी परत चॅम्पियन. जिंकलो तर प्रेस कॉन्फरन्सला कपडे काढून येईन असं बोलून बसला होता, आणि आला की खरंच, कमरेला टॉवेल, खुर्चीत बसल्यावर तोही नाही. बीबीसीवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.


गणिती_मामा (पुणे)

वरच्यांनी गोष्ट छान सांगितली, पण "खाली जातो म्हणजे काय जातं" याचं अर्धं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे, ते कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

स्नूकरचं रँकिंग २०१४ पासून सरळ बक्षिसाच्या पाउंडांवर चालतं, आणि मागच्या दोन वर्षांची कमाई धरतात. म्हणजे एखादी स्पर्धा दोन वर्षांनी परत आली की त्या वेळची जुनी कमाई यादीतून उडते. विल्यम्सने २०१८ ला वर्ल्ड जिंकून ४,२५,००० पाउंड मिळवले, रँकिंगमध्ये एकदम वर. पण २०२० ची वर्ल्ड झाली की ते ४,२५,००० एका रात्रीत वजा. तुम्ही त्या दोन वर्षांत वाईट खेळलात असं नाही, फक्त तेवढं परत मिळवलं नाहीत. आमच्याकडे एफडी मोडल्यावर खात्याकडे बघून जसं वाटतं तसं.

वर आणखी एक मेख. सीडेड (मानांकित) खेळाडू पहिलीच मॅच हरला तर त्याला चेक मिळतो, पण ती रक्कम रँकिंगमध्ये धरत नाहीत. मग काय होतं की माणूस टॉप १६ च्या काठावर आला, टेन्शन घेतलं, दोन तीन पहिल्या मॅच गेल्या, खात्यात शून्य, खाली घसरला. टॉप १६ मध्ये असलात तर क्रुसिबलला सरळ प्रवेश, सतरावे असलात की क्वालिफायिंग. सोळा आणि सतरा यात खेळाचा फरक तिळाएवढाही नसेल पण नशिबाचा फरक सगळा. आणि चौसष्टच्या खाली गेलात तर टूर कार्डच (प्रो स्पर्धा खेळायचा परवाना) धोक्यात, मग क्यू स्कूल, म्हणजे कार्ड मिळवायची स्पर्धा, तिथे विशीतली भुकेली पोरं, एका कार्डासाठी आठवडा आठवडा लढतात. मिळालं तर कार्ड दोन वर्षांचं.

आणि हे लोक पगारी नाहीत. विमान, हॉटेल, सरावाचं टेबल, सगळं खिशातून. २०२२-२३ ला टूरवर एका सीझनला २०,००० पाउंडांची हमी सुरू केली, पण तीही जिंकलेल्या बक्षिसातून वळती होणारी, म्हणजे उचलच ती एक प्रकारची. वर्ल्ड चॅम्पियनला ५ लाख पाउंड हे पेपरात येतं, साठाव्या नंबरवाल्याचं बजेट हॉटेल येत नाही.

त्यामुळे माझं म्हणणं, विल्यम्सचा हात २००८ ला गेला नव्हता आणि २०१८ ला परत आला नव्हता. हात तिथेच होता. दहा टक्के पॉट इकडचे तिकडे झाले आणि या शिडीने त्याचे शंभर टक्के करून दाखवले.


रंकाळा_एक्सप्रेस (कोल्हापूर)

मामा हिशेब लई भारी पण भावा हात तिथंच होता म्हणजे काय, मग आमचा पण हात तिथंच हाय की, पॉट कुठं पडत्यात. विल्यम्सचं एकच हाय, तो टेन्शनच घेत न्हाई. २०२१ ला यूके चॅम्पियनशिपला मॅच चालू असताना खुर्चीत डुलकी लागलीवती गड्याला. नुकताच कोविड होऊन गेलता म्हणं. आमच्यात एक फ्रेम दोनशे रुपयाची लावली तर माणसाला दोन दिवस झोप न्हाई आणि हा मॅचमध्येच झोपतोय. बिनधास्त माणूस, म्हणून पन्नाशीत खेळतोय. विषय कट.


पोस्टमन_इन_यॉर्कशायर

@रंकाळा, ती डुलकीची मॅच तो ६-५ हरला हे पण सांग ना भावा :)

मला हे बिनधास्त प्रकरण पटत नाही. तो तसा दिसतो, बोलतोही तसाच, पण बिनधास्त माणूस ४२ व्या वर्षी स्टान्स बदलायला बसत नाही. २०१७ ला त्याने स्टीव्ह फीनीकडे जाऊन साइटराइट नावाची पद्धत शिकली. म्हणजे काय तर आपल्याला जी सरळ रेघ दिसते ती खरंच सरळ असते का, इथून सुरुवात. प्रत्येकाचा एक डोळा जोरकस असतो, त्यामुळे उभं राहून बघताना बॉल-टू-बॉल रेघ थोडी डावी-उजवी दिसते, आणि माणूस चुकीच्या रेघेवर उभा राहून मग मनगटाने ती चूक भरून काढत राहतो. विशीत मनगट भरून काढतं. चाळिशीत, प्रेशरखाली, नाही काढत. त्याने उभं राहायची जागा बदलली. पंचवीस वर्षं ज्या सवयीने दोनदा वर्ल्ड जिंकली ती सवय मोडली. तुम्ही बघा त्याचे २०१५ चे आणि २०१८ चे व्हिडिओ शेजारी लावून, शॉटच्या मागे उभा राहतो तो क्षण बघा फक्त, बाकी काही बघू नका.

त्याचा ब्रेक-ऑफही (फ्रेमचा पहिला फटका) बघा. आजकालची पोरं लांबून काहीही घालतात म्हणून त्याने २०२१ ला व्हाइट हळूच नेऊन रेडच्या ढिगाला टेकवून ठेवायला सुरुवात केली. लोक म्हणाले कंटाळवाणं, खेळाची मजा घालवली. तो म्हणाला तसं काही नाही आणि करत राहिला. जुगाड आहे तो. आपला लांबचा पॉट पहिल्यासारखा नाही हे मान्य करून समोरच्यालाही लांबचा पॉट मिळू न देणं. हे बिनधास्तपणाचं काम नाही, किराणा दुकानदाराचं आहे.

परिणाम? २०२२ च्या वर्ल्डला १६ सेंच्युरी मारून हेंड्रीच्या रेकॉर्डची बरोबरी, सेमीला जड ट्रम्पकडून १७-१६ ने हरला. २०२१ आणि २०२३ ला ब्रिटिश ओपन. २०२४ ला टूर चॅम्पियनशिप, फायनलला रॉनी १०-५. २०२५ वर्ल्डला क्वार्टरला हिगिन्स १३-१२, सेमीला त्याच ट्रम्पला १७-१४. आणि ऑक्टोबर २०२५ ला चीनमधल्या शीआनला शॉन मर्फीला १०-३ ने हरवून रँकिंग टायटल जिंकणारा सगळ्यात वयस्कर खेळाडू झाला, रे रिअर्डनचा १९८२ चा रेकॉर्ड मोडला.


माटुंगा_क्यू (मुंबई)

सगळं ठीक आहे पण इथे फक्त परत आलेल्याची गोष्ट चाललीय म्हणून थोडं पाणी ओततो.

आपला आदित्य मेहता, मुंबईचा. २०१३ ला दिल्लीत पहिली इंडियन ओपन झाली, त्यात सेमीला स्टीफन मग्वायरला ४-३ ने हरवून फायनलला. रँकिंग स्पर्धेच्या फायनलला गेलेला पहिला भारतीय. फायनलला डिंग जुनहुईने ५-० केलं, पण त्या आठवड्यात आमच्या जिमखान्यात जे लोक स्नूकर म्हणजे पेन्शनरांचा खेळ म्हणायचे तेही स्कोअर विचारत होते. त्याच वर्षी वर्ल्ड गेम्सचं गोल्ड. २०१४ ला जर्मनीत पॉल हंटर क्लासिकला १४७, परत समोर मग्वायरच. प्रो स्पर्धेत १४७ मारणारा पहिला भारतीय. वय २८. म्हणजे वरच्या मामांच्या शिडीवर नुकता पाय घट्ट रोवलेला.

आणि मग मान. मानेच्या दुखापतीने सगळं थांबलं. स्नूकरमध्ये मान म्हणजे काय हे न खेळणाऱ्याला कळत नाही. दिवसाला सहा तास वाकून, हनुवटी क्यूवर, मान मागे मोडून वर बघायचं, काका तुम्ही चष्म्याबद्दल लिहिलंत तीच पोझ. ती दुखायला लागली की शॉट मारताना डोकं नकळत अर्धा सेंटीमीटर वर येतं आणि बारा फुटांच्या टेबलावर अर्धा सेंटीमीटर म्हणजे पॉट गेला. सराव कमी, निकाल कमी, दोन वर्षांची जुनी कमाई यादीतून गळत जाते, कार्ड जातं. विल्यम्सही खाली गेला होता, पण त्याचं घर वेल्समध्ये, क्वालिफायिंगला गाडीने जाऊन रात्री परत. आपला मुलगा इथून जाऊन तिकडे भाड्याने राहणार, एकटा जेवणार, पाउंडात खर्च करणार, दुखणंही तिकडेच काढणार. कॅराव्हॅनमध्ये बसून वर्षभर विचार करायची चैन प्रत्येकाला नसते.

पंकज अडवाणी घ्या (जन्म पुण्याचा बरं का, बेंगळुरूवाले सांगत नाहीत). २०१३ ला वेल्श ओपनच्या क्वार्टर फायनलपर्यंत गेला, आणि २०१४ ला स्वतःहून टूर सोडली, घरी परत आला, इथे राहून बिलियर्ड्स आणि अॅमॅच्युअर स्नूकरची वर्ल्ड टायटलं गोळा करत बसला. लोक म्हणाले घाबरला. मला वाटतं त्याने हिशेब केला. चूक की बरोबर माहीत नाही, पण त्याच्या घरातली ट्रॉफीची कपाटं बघता चूक म्हणायची माझी हिंमत नाही.

आता आमच्या मुंबईचाच इशप्रीत सिंग चढ्ढा क्यू स्कूलमधून कार्ड मिळवून खेळला. त्याच्या मॅच बघा म्हणावं लोकांनी, नुसतं विल्यम्स-रॉनी करत बसण्यापेक्षा.


गणिती_मामा (पुणे)

माटुंगा, तुमचा मुद्दा मान्य, माझ्या हिशेबात भाड्याची खोली धरली नव्हती मी. पण एक सांगतो, विल्यम्सची पहिली उतरण २००३ ते २००८ या काळातली, तेव्हा सीझनला रँकिंग स्पर्धाच मोजक्या असायच्या. दोन हरलात की पुढची यायला दोन महिने, घरी बसून डोकं खायला भरपूर वेळ. २०१० ला बॅरी हर्नने प्रो स्नूकरचा कारभार घेतल्यावर स्पर्धा भराभर वाढल्या, आठवड्याला काही ना काही. परत यायला संधी जास्त मिळाल्या ते म्हाताऱ्यांच्या पथ्यावर पडलं. परदेशी पोरांना मात्र तीच गोष्ट महाग पडली, जास्त स्पर्धा म्हणजे जास्त तिकिटं. तुमचं बरोबर आहे.


चष्मेबद्दूर_डॉ (ठाणे)

मूळ प्रश्न डोळ्यांचा होता, सगळे भलतीकडेच गेले, म्हणून लिहितो. मी डोळ्यांचा डॉक्टर, खेळतो वाईट.

काळा_बॉल, प्रोग्रेसिव्ह स्नूकरसाठी चालणार नाही, विषय संपला. त्या काचेत वर लांबचा नंबर, खाली जवळचा, आणि तुम्ही वाकल्यावर काचेच्या एकदम वरच्या काठातून तिरके बघता. तिथे नंबर तुमच्या नजरेच्या कोनासाठी बनवलेलाच नसतो, शिवाय कडेला सरळ रेघा वाकतात. म्हणजे कुशनसुद्धा (टेबलाची रबरी कड) थोडी वाकडी दिसत असणार तुम्हाला. बरोबर ना?

डेनिस टेलर आठवतो का, १९८५ ची फायनल, स्टीव्ह डेव्हिसला शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या ब्लॅकवर १८-१७ हरवलं. त्याचा तो उलटा लावल्यासारखा दिसणारा मोठा चष्मा फॅशन नव्हती. काचा वर उचललेल्या आणि तिरक्या, म्हणजे वाकल्यावर नजर काचेच्या मध्यातून जावी. लोक हसायचे. तसला चष्मा आजही करून मिळतो, एकाच नंबरचा, काच उंच, नाकावर वर बसणारा. नंबर काढताना चष्मेवाल्याला सांगा मला पुस्तक नको, मला दीड ते तीन मीटरवरचं स्वच्छ हवंय. आणि तपासायला जाताना क्यू घेऊन जा, खरंच सांगतोय, त्याच्या टेबलावर वाकून दाखवा. एकदा लाज वाटेल, नंतर पॉट पडतील.

विल्यम्सचं म्हणाल तर त्याने डोळ्यातली लेन्स बदलायचं ऑपरेशन करायचं ठरवलं होतं आणि ते पुढे ढकलून २०२५ ची वर्ल्ड खेळला. मी त्याच्या जागी असतो तर मीही ढकललं असतं. ऑपरेशननंतर दिसतं छान, पण खोलीचा अंदाज, रंग, बॉलची कड, सगळं मेंदूला नव्याने शिकावं लागतं, आणि तीस वर्षं जुन्या अंधुक चित्रावर बसवलेला हात नव्या स्वच्छ चित्राला कसा वागेल याची खात्री कुणी देत नाही. तो तेव्हा अंधुकच बघत होता पण त्याला त्याचं अंधुक पाठ होतं.


रंकाळा_एक्सप्रेस (कोल्हापूर)

डॉक्टर शेवटची ओळ कडक. आमच्याकडं एक तात्या हायत, मोतीबिंदूच्या आधी चाळीसचा ब्रेक मारायचे, ऑपरेशन झालं, आता टेबलावरचा डाग पण दिसतोय म्हणत्यात पण ब्रेक बाराच्या वर जाईना.


काळा_बॉल (नाशिक)

सगळ्यांचे आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. कुशन वाकडी दिसते हे डॉक्टरांनी कसं ओळखलं देव जाणे, मी बायकोला सुद्धा सांगितलं नव्हतं, मला वाटलं आमच्या क्लबाचं टेबलच बसलंय एका बाजूला. अण्णांना लेव्हल लावायला लावली होती दोनदा, त्यांची माफी मागतो.

काल क्यू घेऊन चष्म्याच्या दुकानात गेलो. पोरगं काउंटरवरचं घाबरलं आधी. मग त्याच्या काचेच्या काउंटरवर वाकलो, त्याने मोजमाप घेतलं, एक नंबरचा, उंच काचेचा चष्मा टाकलाय, आठ दिवसांनी मिळेल. दुकानातल्या एक बाई म्हणाल्या हे काय बाई नवीन, डोळे तपासायला काठी?

तोपर्यंत शेफील्डकरांनी सांगितलेलं करून बघितलं, चष्मा काढून, फक्त शॉटच्या मागे उभं राहायची जागा बदलून. अण्णांना म्हटलं मी वाकायच्या आधी मागून बघा रेघ बरोबर आहे का. ते म्हणाले साहेब तुम्ही बावीस वर्षं एक बोट डावीकडे उभे राहताय. मी म्हटलं मग सांगितलं का नाही आजवर? तर म्हणे, तुम्ही भाडं वेळेवर भरता, मला काय करायचंय.

तीन फ्रेम खेळलो, तिन्ही हरलो, टेबलाचे पैसे भरले. पण दुसऱ्या फ्रेमला बॉकवरून (ब्रेक-ऑफ करतो त्या टोकाकडून) कोपऱ्यातला रेड, पूर्ण टेबल लांब, कापसाचाच बोळा होता, गेला आत.